तीन इंचाची पट्टी

जीप माझ्या मित्राची. वेल्ह्याकडच्या त्याच्या गावापासून नसरापूरपर्यंत त्याच्या वडिलांनी ती वीसेक वर्षं वडापला चालवली. आत दाटीवाटीने माणसं, टपावर कोंबड्यांची खुराडी आणि मागच्या फळीवर लोंबकळणारी कॉलेजची पोरं, असा तिचा संसार. वडील गेले आणि गाडी घरामागच्या फणसाखाली उभी राहिली. मित्राचा स्वतःचा दुधाचा टेम्पो होता, त्याला जीपची गरज नव्हती, पण भंगारात घालायला मन होईना. आम्ही दोघं शाळेपासूनचे. त्याच्याकडे गाडी, माझ्या वडिलांचं भोरला उत्रोलीच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान, आणि माझ्याकडे नको तेवढी अक्कल. एवढ्या भांडवलावर आम्ही हौशी शर्यतीत उतरायचं ठरवलं.

शर्यत म्हणजे फार मोठं काही नव्हे. दिवाळीनंतर भात निघालं की वेल्ह्याच्या अलीकडे ओढ्याकाठची खाचरं रिकामी पडतात. गावातली मंडळी चार-पाच खाचरांत ओढ्याचं पाणी सोडतात, बांधांवरून वर-खाली जाणारी वाट आखतात, कडेच्या दगडांना चुना फासतात आणि एकेक गाडी सोडतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या. कमी वेळात जो बाहेर पडेल तो जिंकला. बक्षीस म्हणजे एक ढाल आणि नारळ. पण पानशेतच्या बाजूने पुण्याची मंडळीही यायला लागली आणि त्यांच्या गाड्यांची चाकं बघून माझे डोळे फिरले. काय ती रुंदी, काय ती तळहाताएवढी गोटी! गोटी म्हणजे टायरवरचे रबराचे ठोकळे, ज्यांनी चिखल धरायचा.

पहिल्या वर्षी आम्ही वडापच्याच जुन्या बारीक चाकांवर उतरलो आणि चौथे आलो. मित्र खुशीत होता. मी नव्हतो. एका पुणेकराने आमची चाकं बघून विचारलं होतं, "ही सायकलची आहेत का?" त्या एका वाक्यावर मी वर्षभर जळत राहिलो. माझा स्वभावच तसा आहे. चांगलं झालेलं मला दिसत नाही, कुणी हसलेलं मात्र मी विसरत नाही.

मित्राचं म्हणणं सरळ होतं. "खाचरात बारीक चाकच चालतं गड्या. खाली तळ असतोय, चाक तितवर गेलं पायजे. रुंद चाक वरच्या वर तरंगतंय."

तो लहानपणापासून चिखलणी करत आलेला माणूस. कुठल्या खाचरात पाय किती रुततो हे त्याला न बघता कळायचं. मी त्याला मोबाईलवर बघितलेलं काहीबाही ऐकवायचो, परदेशातल्या वाळवंटात गाड्या कशा पळतात ते. तो हसायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरं बाबा, तुला जे पायजे ते." भिडस्त माणसाशी वाद जिंकणं फार सोपं असतं. मी तो जिंकला.

मग टायरांचा शोध सुरू झाला. नव्या टायरचा भाव मी एकदाच विचारला, पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. मग रिमोल्ड बघितले. जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवी गोटी चिकटवलेली असते, दिसायला एकदम कोरं. पण वरंधा घाटात रस्त्याकडेला रबराच्या लांबलचक साली पडलेल्या असतात, त्या याच टायरांच्या. ते नको म्हटलं. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. तिथला माणूस गोटी दाखवायचा आणि मी बाजूची भिंत बघायचो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, ते कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली झालं ते सांगतात. गोटी शाबूत असली तरी आठ-दहा वर्षांच्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यावर नखाने दाबलं की रबर दबत नाही, कडकपणा नखालाच कळतो. हे सगळं मला नीट माहीत होतं. मी काही अडाण्यासारखा फसलो नाही, हेच तर दुखतं.

शेवटी टायर मिळाले ते पानशेतला. तिथे एका पुणेकराचा शनिवार-रविवारचा बंगला आहे. मालकाला दुसरे टायर आवडले म्हणून त्याने पहिले चार काढून शेडमध्ये टाकले होते. फारसे न झिजलेले, सावलीत ठेवलेले, भिंतीला एक भेग नाही. राखणदाराने मालकाला फोन लावून दिला आणि आम्हाला परवडेल अशा भावात सौदा झाला. टेम्पोत टायर चढवताना मला इतका आनंद झाला की मित्रसुद्धा म्हणाला, "लग्नातबी एवढा हसला नव्हतास."

आता अडचण डिस्कची. डिस्क म्हणजे ज्यावर टायर बसतं ते लोखंडी चाक. जीपच्या डिस्का अरुंद, टायर रुंद. बाजारात रुंद डिस्का मिळतात, पण त्या घ्यायच्या तर टायरांत वाचवलेलं सगळं तिथे जात होतं. दुसरा मार्ग जुगाडाचा. डिस्क मधून कापायची, गोल वाकवलेली लोखंडी पट्टी मध्ये बसवायची आणि दोन्ही बाजूंनी वेल्डिंग मारून रुंद करायची. त्यासाठी मी तात्यांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे गेलो.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. "फिरत्या चाकाला जोड मारायचा? गेट न्हाई ते. वर मानूस बसनार हाय."

"पुण्यात सगळे करत्यात, तात्या."

"मग पुण्यात करून घ्या."

मी चार दिवस दुकानात पाऊल टाकलं नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दोन लेकरांचा बाप असून, रुसून बसलो. पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "आन त्या डिस्का. पर घाई करायची न्हाई, सांगून ठेवतो."

आता मापाचं सांगायला हवं. आमच्या दुकानात चाक म्हणजे पॉवर टिलरचं लोखंडी चाक. चिखलणीच्या वेळी रबरी चाक काढून हे पिंजऱ्यासारखं चाक लावतात. त्याची रुंदी म्हणजे चिखलावर पडणारी रुंदी, वरच्या तोंडाची. शेतकरी येतात आणि हातानेच दाखवतात, एक वीत आणि चार बोटं. तात्या तेवढं करून देतात आणि ते कधी चुकलेलं नाही. मी त्याच सवयीने टायरच्या तोंडावर वीत लावली. टायरचं माप मात्र आतून घ्यायचं असतं, जिथे त्याच्या दोन कडा डिस्कमध्ये बसतात. तोंड त्यापेक्षा बरंच रुंद असतं. आणि मी कोण? शिरवळच्या एका कंपनीत तपासणीला आहे. केसाएवढा फरक पकडायचा पगार घेतो. घरच्या कामाला वीत लावली.

"तीन इंचाची पट्टी लागेल," मी म्हणालो.

"तीन? लई व्हत न्हाई का?"

"टायर बगा की केवढं हाय."

तात्यांनी टायरच्या तोंडावर स्वतःची वीत ठेवली, डिस्कवर ठेवली आणि मान हलवली. "व्हय. तीन लागंल."

सहा दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. आधी समोरासमोर छोटे टाके मारले, म्हणजे उष्णतेने चाक वाकायला नको. मग थोडा जोड इकडे, थोडा तिकडे, मध्ये डिस्क गार होईपर्यंत बाकावर बसून राहायचे. एकावर एक असे दोन थर घेतले. प्रत्येक डिस्क जीपच्या जुन्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसून फिरतं त्या भागावर, चढवून फिरवली, शेजारी खिळा धरला आणि कुठे घासते ते पाहिलं. जोडाच्या एका बाजूला खडूची पूड फासली, दुसऱ्या बाजूला रॉकेल लावून रात्रभर ठेवलं. जोडात सुईएवढं भोक असलं तरी रॉकेल झिरपून खडूवर डाग पडतो. चारही डिस्कांवर एकही डाग पडला नाही. त्यांच्या हातून इतकं देखणं काम मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांनी माझ्यासाठी, मन नसताना केलं होतं.

शर्यतीला दोन दिवस राहिले तेव्हा चेलाडी फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टायर बसवायला नेले. कडा काही केल्या बसेनात. त्याने पट्टा आवळून, हवेचा जोर मारून कशाबशा बसवल्या. बसताना इतका मोठा आवाज झाला की मी दोन पावलं मागे सरलो. घाम पुसत तो म्हणाला, "डिस्क लई रुंद केलीय. टायर ताणून बसलंय. हवा कमी करू नगा, न्हायतर कड सुटंल."

मी बाजूला जाऊन मोबाईलवर त्या टायरचं माप काढलं. दीड इंचाची पट्टी पुष्कळ झाली असती. सगळं तिथल्या तिथे लक्षात आलं. मित्र रस्त्यापलीकडे वडे आणायला गेला होता. तो परत येईपर्यंत मोबाईल माझ्या खिशात होता. सहा दिवस राबलेल्या तात्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की डिस्का परत कापा? आणि ज्याला वर्षभर शहाणपण शिकवलं त्या मित्राला काय सांगायचं? मला वाटलं, हवा पुरेशी ठेवू, एवढी एक शर्यत निघून जाईल.

पहिल्या फेरीत मित्राचं म्हणणं खरं ठरलं. रुंद चाकं तळापर्यंत गेलीच नाहीत. पहिल्याच खाचरात जीप जागच्या जागी चिखल उडवत राहिली आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. लोक हसले. पुण्याची मंडळीही हसली, आणि माझं डोकं गेलं. चिखलात पकड यावी म्हणून टायरमधली हवा उतरवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. मित्र म्हणाला, "जुनी चाकं घरी हायेत. दुसऱ्या फेरीला ती लावू का? अर्ध्या तासात आनतो."

"नको," मी म्हणालो. "हवा उतरवतो."

चारही चाकांची हवा मी स्वतः गुडघ्यावर बसून उतरवली. चौथ्या चाकाशी माझा हात थांबला होता. तरी उतरवली. पंक्चरवाला काय म्हणाला ते मित्राला सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत त्याने तीन खाचरं झकास पार केली. लोक शिट्ट्या मारत होते. चौथ्यात जाताना तिरक्या बांधावरून उतरायचं होतं. उजवी बाजू खाली होती. पुढच्या उजव्या चाकाचं टायर एकदम बाहेर आलं, नुसती डिस्क बांधात रुतली आणि जीप सावकाश, अगदी सावकाश, उजव्या कुशीवर पडली. मित्राचा उजवा हात बाहेर होता, टपाचा पाइप धरलेला. वडापवाल्यांची ती सवय असते, एक हात स्टेअरिंगवर आणि एक वर टपाला. तो पाइप आणि बांधाचे दगड यांच्यात त्याचा हात सापडला.

वीस माणसांनी जीप उचलली. त्याला आधी नसरापूरला आणि तिथून पुण्याला हलवलं. गाडीत चढवताना तो मलाच धीर देत होता. मी मागे वळून पाहिलं. उघड्या डिस्कवर तात्यांनी मारलेला जोड चिखलातही दिसत होता. गोल, अखंड, कुठे केसाएवढीही फट नाही. गावातल्या एका बुजुर्गाने त्यावर बोट ठेवलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "हितनं जोड गेला बगा." मी दोन हात अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडलं नाही.

हॉस्पिटलात मित्राच्या आईने माझा हात धरून विचारलं, "कशानं झालं रं हे?"

"जोड सुटला, मावशी," मी म्हणालो.

त्या वेळी मनात काय आलं ते स्पष्टच सांगतो. मला वाटलं, सत्तरीला टेकलेल्या माणसाला लोक माफ करतील. मला कुणी केलं नसतं. इतका साधा, इतका हलकट हिशोब होता तो.

दुसऱ्या दिवशी भोरला पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. तात्या दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी आधी विचारलं, "हात वाचंल का?"

"वाचेल म्हणतात. दोन बोटांचं सांगता येत न्हाई."

ते बाकावर टेकले. मग म्हणाले, "जोड कुठनं सुटला? आतल्या बाजूनं का भायेरच्या?"

"आतल्या."

"तितं माजा हात नीट पोचत नव्हता," ते हळूच म्हणाले. "चष्म्याचा नंबर बी वाढलाय. तुजी आई कवाधरनं म्हनती, बदला, बदला." मी फेकलेल्या एका शब्दाला त्यांनी स्वतःच कारणं शोधून दिली. माझं खोटं त्यांनीच पक्कं केलं, आणि मी ते ऐकत समोर उभा राहिलो.

"ती डिस्क आन," ते म्हणाले. "बगतो काय चुकलं."

मी ती आणली नाही. त्याच आठवड्यात चारही डिस्का भंगारात घातल्या. तात्यांनी त्या जोडावर नुसता अंगठा फिरवला असता तरी त्यांना सगळं कळलं असतं. भंगारवाल्याने चारी डिस्का ढिगावर फेकल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

तात्यांचं काम कुणी बंद केलं नाही, त्यांनीच केलं. आधी ट्रॉलीचे हुक घेणं सोडलं. मग टिलरची चाकं सोडली. माणसाचा भार येईल असं काही करणार नाही म्हणाले. खिडक्यांच्या जाळ्या करायचे, आणि झालेल्या जाळीवरही पुन्हा पुन्हा जोड मारत बसायचे. आंबवड्याचा एक जुना शेतकरी चिखलणीच्या तोंडावर आला आणि "तुमच्याबिगर दुसऱ्याचं चाक लावनार न्हाई" म्हणून तासभर बसून राहिला. तात्यांनी त्याला हात जोडून परत पाठवलं. असं कुणाला परत पाठवताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

मग एक दिवस ते मला न सांगता एसटीने मित्राच्या गावी गेले. मला ते मित्राकडूनच कळलं. त्याची दोन बोटं वळत नाहीत. टेम्पो आता धाकटा भाऊ चालवतो आणि हा शेजारी बसतो. तो फोनवर म्हणाला, "तुजं वडील आलंवतं. म्हातारा मानूस, माज्या आईपुढं हात जोडून हुबा ऱ्हायला. मला बगवंना गड्या. माज्या मनात त्यांच्याबद्दल काय न्हाई, सांग त्यांना."

मला पुढे ऐकवेना. मी त्याला फोनवरच सगळं सांगून टाकलं. वीत, पंक्चरवाला, हवा, भंगार, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला कशाला सांगतूस? त्यांना सांग." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. मी केला तर त्याची आई उचलते आणि तो बाहेर गेलाय म्हणते.

मी तात्यांना सांगितलं. भर दुपारी, दुकानात दुसरं कुणी नसताना. ते वेल्डिंगच्या रॉडचे पुडे फळीवर लावत होते. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललो आणि रडलोसुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी हातातला पुडा खाली ठेवला.

"तुज्या आईनं सांगितलं व्हय, असं बोल म्हनून?"

"न्हाई तात्या. आईला काय माहीत न्हाई. खरंच जोड सुटला नव्हता."

"मग डिस्क दाव."

माझ्याकडे डिस्क नव्हती.

"जाऊ दे," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हनून सोताच्या अंगावर घ्यायचं कारन न्हाई. वय झालं की हात चुकतो. म्या मानलंय ते."

मी आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा शपथ घेतली, तर चिडले. कंपनीत मी केसाएवढा फरक कागदावर सिद्ध करून दाखवतो. घरी मला एवढं एक खरं सिद्ध करता येईना, कारण पुरावा मी स्वतःच मोडीत काढला होता.

परवा पानशेतच्या बाजूचे दोघे जण दुकानात आले. चांगले मिशा पिकलेले गृहस्थ, शर्यतीचं नवं वेड लागलेलं. त्यांना डिस्का रुंद करून हव्या होत्या. तात्यांनी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. "मिळतील तशा तयार डिस्का घ्या. टायर एक पायरी हलकं घ्या, पर डिस्क घ्या. म्या ह्याच्या दोस्ताला करून दिल्यावत्या. आतल्या बाजूनं माजा जोड सुटला. भल्या मानसाचा हात गेला." ते हे अनोळखी माणसांना सांगत होते, न अडखळता, जणू पाठ झालं होतं. माझ्या लक्षात आलं की हे ते पहिल्यांदा सांगत नव्हते. मी कामावर असताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असणार.

माझ्याने राहवलं नाही. मी त्या दोघांसमोर मोठ्याने म्हणालो, "जोड सुटला नव्हता. माप मी चुकवलं. हवाही मीच उतरवली. ह्यांची काही चूक नव्हती."

तात्या हसले. त्या अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्याकडे बोट करून ते त्या दोघांना म्हणाले, "बगा, बापाची बाजू कशी घेतंय. असं पोरगं नशिबानं मिळतंय."

दोघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एकाने तर उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. मग तात्यांनी मला चहा सांगायला पाठवलं आणि मी गेलो.